शाळेच्या पोषण आहारात गावचा शेतमाल देण्यासाठी अनुदान कुठून मिळेल?

आपण विचारले आहे की, आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीला परिसरातील जिल्हा परिषद शाळांच्या पोषण आहारात सभासदांचा माल द्यायचा आहे, अमेरिकेत अशा कामाला सरकार अनुदान देते, तर आपल्याकडे ते कोणाकडे मागावे. माझे मत स्पष्ट आहे. अनुदानाच्या मागे लागू नका. भाजीचे पैसे शाळेला आधीपासूनच मिळतात. ते उशिरा मिळतात हे खरे दुखणे आहे आणि अनुदान हा त्यावरचा इलाज नाही.

भुदरगड तालुक्यातील आमच्या गावात मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होतो, त्या काळात आमचे मेहुणे एका सामाजिक संस्थेत प्रस्ताव लिहिण्याचे काम करीत असत. त्यांनी एका कंपनीच्या सीएसआर निधीतून, म्हणजे सामाजिक कामासाठी राखलेल्या पैशांतून, आमच्यासह आसपासच्या शाळांना स्थानिक भाजी पुरवण्याचा प्रकल्प मंजूर करून आणला, आणि प्रस्ताव वाचताक्षणीच आमचा वाद सुरू झाला. त्यात भाड्याच्या मालवाहू गाडीची तरतूद होती, प्लास्टिकचे क्रेट होते, शेतकऱ्यांचे प्रशिक्षण होते, फलक होते आणि छायाचित्रांसह तिमाही अहवाल होता. प्रत्यक्ष भाजीसाठी मात्र एक रुपयाही नव्हता. निकषानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 50 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 75 ग्रॅम भाजी द्यावयाची असते. खालच्या वर्गांत साठ आणि वरच्या वर्गांत चाळीस मुले धरली, तर शाळेची रोजची गरज भरते सहा किलो. सहा किलो दुधी मोटारसायकलच्या हँडलला पिशवी अडकवून नेता येतो. हे मी बोलून दाखवले, तेव्हा मेहुण्यांनी शांतपणे सांगितले, "दाजी, गाडी दाखवल्याशिवाय प्रकल्प मोठा दिसत नाही."

शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींना तर कोणी विचारलेच नव्हते. सुरुवातीलाच मेथी आणि शेपूच्या चिखलाने माखलेल्या जुड्या क्रेट भरून आल्या. मधल्या सुट्टीच्या आत शंभर मुलांची आमटी आणि भात उरकायचा, त्यात महिन्याला 2,500 रुपये मानधन, मावशींनी एक जुडी उचलून गुरुजींसमोर धरली आणि विचारले, "ह्या निवडत बसू, का भात चढवू?" त्यानंतर लाल भोपळा, दुधी आणि कोबी यांवर भर आला, कारण ते पटकन चिरून होतात. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत पालेभाज्यांच्या जीवनसत्त्वांवर चार पाने होती, निवडणार कोण यावर एक ओळही नव्हती. शिवाय निधीचे वर्ष एप्रिल ते मार्च, शाळा उघडते जूनमध्ये, आणि आमच्या पश्चिम भागात जून-जुलैच्या पावसात पालेभाजी शेतातच कुजते. म्हणजे खर्च दाखवण्याची घाई आणि भाजीचा हंगाम यांची गाठ हिवाळ्यातच पडत असे.

निधी संपताच गाडी बंद झाली, पुरवठाही थांबला, आणि मगच खरे काम सुरू झाले. इंधन व भाजीपाल्याचे पैसे शाळेला कित्येकदा महिनोन्‌महिने उशिरा मिळतात. तोपर्यंत मुख्याध्यापक उधारीवर भागवतात, आणि गारगोटीचा, म्हणजे तालुक्याच्या गावचा, व्यापारी ती उधारी सोसू शकतो. परड्यातला भोपळा विकणारी बाई सोसू शकत नाही. मुख्याध्यापकांना दुसरी धास्ती लेखापरीक्षणाची, कारण शेतकऱ्याकडे बिल नसते. गावातील महिला बचत गटाने दोन्ही अडचणी एकदमच सोडवल्या. गट आपल्या अंतर्गत निधीतून दर आठवड्याला बाईला रोख पैसे देई, महिन्याच्या शेवटी गटाच्या छापील पावतीवर शाळेला बिल जाई, आणि शाळेचे पैसे आले की ते गटाच्या खात्यात जमा होत. किलोला सरासरी 30 रुपये धरले तर दिवसाचे 180 होतात, आणि महिन्याचे चोवीस दिवस धरून तीन महिने पैसे अडकले तरी रक्कम तेरा हजारांच्या आतबाहेर राहते. एवढ्यासाठी प्रस्ताव कशाला लिहायचा?

आपल्या हातात काय आहे, हेही ओळखा. ग्रामीण शाळांना तांदूळ भारतीय अन्न महामंडळाकडून येतो आणि डाळ, तेल, मसाला नेमलेल्या पुरवठादाराकडून. तेथे आजरा घनसाळसारखा गावचा तांदूळ घेऊन जाण्याची स्वप्ने पाहू नका. शाळेच्या पातळीवर खरेदी होते ती भाजीची. 1 मे 2025 पासून तांदूळ वगळता प्रतिदिन प्रतिविद्यार्थी खर्चाचा दर प्राथमिकला 6.78 आणि उच्च प्राथमिकला 10.17 रुपये ठरला, आणि भाजी, डाळ, तेल, इंधन सगळे त्यातच बसवायचे असते, म्हणून भाव मागताना भान ठेवा. 2021 मध्ये शालेय आहाराच्या पीएम पोषण योजनेला मंजुरी देताना केंद्राने शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गटांचा सहभाग वाढवावा असे म्हटले आहे. पंचायत समितीतील पोषण आहार अधीक्षकांना भेटाल तेव्हा तो मुद्दा पुढे करा.

अमेरिकेचे म्हणाल, तर शाळांनी स्थानिक शेतकऱ्यांकडून माल घ्यावा यासाठीचा सुमारे 66 कोटी डॉलरचा कार्यक्रम तेथील सरकारने मार्च 2025 मध्ये रद्द केला. ब्राझीलने 2009 मध्ये कायदाच केला की, शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतील किमान 30 टक्के रकमेचा माल लहान शेतकरी कुटुंबांकडून घ्यावा. मागायचे असेल तर आमदारांकडे असा नियम मागावा.

आता काही अपवाद. नाचणीचे लाडू किंवा गूळ-शेंगदाण्याची चिक्की करून देणार असाल, तर केंद्राच्या 2025-26 पर्यंतच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रांसाठी 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, अनुदानाची तरतूद होती; ती पुढे चालू आहे का, हे आधी विचारून घ्या. आपली कंपनी केंद्राच्या दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या करण्याच्या योजनेतील असेल, तर व्यवस्थापन खर्चापोटी तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत मिळतात आणि बिले करणाऱ्या माणसाचा पगार त्यातून निघू शकतो. अंड्यांसाठीचा निधी राज्याने जानेवारी 2025 मध्ये थांबवला, तेथे मात्र देणगीदार जरूर शोधा. शहरात मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून आहार येत असेल, तर वरचे काहीच लागू नाही. आणि ते क्रेट पुढेही उपयोगी पडले, हे मी मेहुण्यांच्या वतीने नमूद करतो.

ते अजूनही म्हणतात की, निधी नसता तर सुरुवातच झाली नसती. आपण प्रस्ताव लिहिणारच असाल, तर त्यात गाडीऐवजी तीन महिन्यांच्या भाजीचे खेळते भांडवल मागून पाहा, आणि ते नाकारल्याचे पत्र आले तर त्याची एक प्रत मला अवश्य पाठवा. मेहुण्यांना दाखवायची आहे.