पाइंट कुणाचा, गॅलन कुणाचा?

यावेळी सदरात फक्त मापांचे प्रश्न घेतलेत. स्वयंपाकघरापासून धरणापर्यंत पत्रं आलीत, आणि बहुतेक सगळ्यांची अडचण फिरून एकाच जागी येते, की गॅलन एक नाही, दोन आहेत. म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलंय, ते आधी वाचा म्हणजे पुढची सोपी जातील.

प्रश्न : ताई, लग्नानंतर मी लेस्टरला आले. शेजारच्या आजींनी त्यांची जुनी रेसिपीची वही वापरायला दिलीय, त्यात राइस पुडिंगला दूध दीड पाइंट आणि क्रीम एक जिल असं लिहिलंय. फोनवर बघितलं तर एक पाइंट म्हणजे ४७३ मिली आलं, तसं केलं तर ओव्हनमधून नुसता घट्ट गोळा निघतो. माझी जाऊ म्हणते पाइंट ५६८ चा असतो. नक्की कुठला धरू?

उत्तर : जाऊबाईंचं बरोबर आहे, त्या वहीसाठी ५६८ च धरा. ४७३ पण चूक नाहीये, पण तो अमेरिकन पाइंट आहे आणि तुमच्या आजी ब्रिटिश आहेत. घरात दुधाचा कॅन असेल तर लेबल बघा, दोन पाइंटच्या कॅनवर १.१३६ लिटर आणि चार पाइंटच्यावर २.२७२ लिटर छापलेलं असतं, म्हणजे तिथल्या दुकानात अजून हाच पाइंट चालतो फक्त आकडा लिटरमध्ये लिहितात.

आता हिशोब करू. दीड पाइंट म्हणजे ८५२ मिली दूध. जिल म्हणजे पाव पाइंट, १४२ मिली क्रीम. तुम्ही अमेरिकन मापाने केलंत तेव्हा दूध पडलं ७१० मिली, म्हणजे जवळजवळ १४२ मिली कमी, अख्खं एक जिल दूध कमी! वर क्रीमपण ११८ च मिली गेलं असणार. तांदूळ तेवढाच आणि दूध एवढं कमी, मग तांदळाने सगळं शोषून घेतलं तर त्यात तुमच्या हाताचा काहीच दोष नाही. एक मात्र आजींना विचारून घ्या, त्या मूळच्या यॉर्कशायर किंवा लँकेशायरकडच्या आहेत का, कारण त्या भागात अर्ध्या पाइंटलाही जिल म्हणायची रीत होती. तसं असेल तर क्रीम २८४ मिली होईल.

हे दोन पाइंट आले कुठून ते सांगते, कारण एकदा कारण कळलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. पाइंट म्हणजे गॅलनचा आठवा भाग, म्हणून गोष्ट गॅलनपासून सुरू होते. इंग्लंडमध्ये पूर्वी सगळ्याला एकच गॅलन नव्हताच, वाइनचा वेगळा, बीअरचा वेगळा, धान्याचा आणखी वेगळा. राणी ॲनच्या राज्यात १७०७ च्या सुमाराला वाइनचा गॅलन २३१ घन इंच असा कायद्याने पक्का झाला, बीअरचा होता २८२ घन इंच. अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये हा वाइनचा गॅलन रुजला आणि अमेरिका स्वतंत्र झाली तरी त्यांनी तो सोडला नाही, आजही त्यांचा गॅलन बरोबर २३१ घन इंचच आहे, म्हणजे ३.७८५ लिटर. ब्रिटिश पार्लमेंटने मात्र १८२४ साली कायदा करून जुने सगळे गॅलन मोडीत काढले आणि एकच नवा इम्पीरियल गॅलन आणला, ६२ अंश फॅरनहाइट तापमानाला १० पौंड शुद्ध पाणी जेवढी जागा घेतं तेवढा. तो ४.५४६ लिटर भरतो. तोपर्यंत अमेरिका वेगळी होऊन जवळपास ५० वर्षं झालेली, त्यामुळे हा बदल तिकडे गेलाच नाही.

मला या १० पौंडाच्या व्याख्येचं फार कौतुक वाटतं, कारण तिच्यातून बाकीचं सगळं आपोआप निघतं. एका पौंडाचे १६ औंस, म्हणून १० पौंड पाण्याचे १६० औंस, म्हणून इम्पीरियल गॅलनचे १६० फ्लुइड औंस (म्हणजे पातळ पदार्थ मोजायचे औंस). गॅलनचे आठ पाइंट, म्हणून पाइंटचे २० औंस. पाइंटचे चार जिल, म्हणून जिलचे ५ औंस. आणि एक फ्लुइड औंस पाणी काट्यावर ठेवलं तर ते वजनालाही एकच औंस भरतं, साधारण २८.४ ग्रॅम. अमेरिकेतही गॅलनचे आठच पाइंट, पण पाइंटचे औंस १६, म्हणून गॅलनचे १२८. इथे एक गंमत होते बघा, अमेरिकन गॅलन लहान, पाइंट लहान, पण औंस मोठा, २९.६ मिली! कारण त्यांनी लहान पाइंटचे तुकडेही कमी पाडलेत. त्यामुळे ‘ब्रिटिश माप सगळंच मोठं’ असं धरून चाललात तर औंसाला गडबड होईल. फरक छोटा आहे, दोनचार औंसात कळतही नाही, पण पाइंटला तब्बल ९५ मिलीचा फरक पडतो आणि तोच पुडिंग बिघडवतो.

तोंडी करायचं असेल तर पावणेदोन ब्रिटिश पाइंट म्हणजे एक लिटर एवढं लक्षात ठेवा, स्वयंपाकाला भरपूर झालं. आणि नेटवरच्या एखाद्या रेसिपीत कप आला की ती बहुतेक अमेरिकन (कप २३७ मिली) किंवा ऑस्ट्रेलियन (२५० मिली) असते, ब्रिटिश जुन्या वह्यांमध्ये ओलं सामान पाइंट, जिल नाहीतर औंसातच लिहिलेलं सापडतं. टेबलस्पून ब्रिटन-अमेरिकेत १५ मिलीच धरा, ऑस्ट्रेलियात तो २० चा आहे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीला आणि बहीण बर्मिंगहॅमला. दोघं गाडीच्या ॲव्हरेजवरून व्हिडिओ कॉलवर भांडत असतात. हा म्हणतो माझी ३५ माइल्स पर गॅलन देते, ती म्हणते माझी ४२ देते. आम्ही नाशिकला किलोमीटर-लिटरवाले. कुणाची गाडी चांगली?

उत्तर : दोघांचीही सारखीच, भांडण मिटवा! भावाचा गॅलन ३.७८५ लिटरचा, बहिणीचा ४.५४६ चा, मोठ्या गॅलनमध्ये गाडी जास्त जाणारच. अमेरिकन आकड्याला १.२ ने गुणलं की ब्रिटिश आकडा येतो, ३५ गुणिले १.२ बरोबर ४२. तुमच्या भाषेत दोन्ही गाड्या लिटरला पावणेपंधरा-पंधरा किलोमीटर देतात. अमेरिकन आकडा गुणिले ०.४२५ आणि ब्रिटिश आकडा गुणिले ०.३५४ केलं की थेट किलोमीटर पर लिटर मिळतं. बहिणीकडे पंपावर पेट्रोल मिळतं लिटरने आणि ॲव्हरेज बोलतात गॅलनने, त्यामुळे तिला स्वतःला टाकी-टू-टाकी काढायचं असेल तर भरलेल्या लिटरला आधी ४.५४६ ने भागायला सांगा. हे सगळं रस्त्यावर काढलेल्या ॲव्हरेजबद्दल हं, कंपनीच्या माहितीपत्रकातले आकडे दोन्ही देशांत वेगवेगळ्या टेस्टमधून येतात, ते नुसत्या गुणाकाराने जुळत नाहीत.

प्रश्न : कराडजवळ आमची शेती आहे. पावसाळ्यात कोयनेचा साठा टीएमसीत सांगतात, विसर्ग क्युसेकमध्ये, आणि आजोबांच्या वेळच्या पंपाच्या पाटीवर ताशी ५००० गॅलन लिहिलंय. हे सगळं लिटरमध्ये कसं आणायचं? आणि विसर्गावरून किती टीएमसी गेलं ते काढता येतं का?

उत्तर : येतं, आणि नदीकाठच्या माणसाला ते यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. किल्ली एकच आहे, घनफूट. एक घनफूट पाणी म्हणजे २८.३२ लिटर, किंवा ६.२३ ब्रिटिश गॅलन. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, आपल्या मोजणीत १०० कोटी घनफूट, म्हणजे साधारण २८३२ कोटी लिटर. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे, तिला गुणून बघा म्हणजे केवढं पाणी डोक्यावर उभं आहे ते कळेल.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सेकंदाला २८.३ लिटर. दिवसाचे सेकंद ८६,४००, तर एक क्युसेक पाणी २४ तास चाललं की साडेचोवीस लाख लिटरच्या आसपास जातं. आता तुमचा खरा प्रश्न, १०० कोटीला ८६,४०० ने भागा, ११,५७४ येतात. म्हणजे ११,५७४ क्युसेकने अखंड २४ तास विसर्ग झाला की एक टीएमसी पाणी बाहेर पडलं. हा एक आकडा भिंतीवर लिहून ठेवा. बातमीत ५०,००० क्युसेक आलं की भागायचं, दिवसाला साडेचार टीएमसीला थोडं कमी, ४.३. उलटंही होतं, धरणात ३०,००० क्युसेकची आवक आणि १०,००० चा विसर्ग असेल तर २०,००० आत राहतायत, म्हणजे साठा दिवसाला पावणेदोन टीएमसीच्या जवळपास वाढतोय. आवक-विसर्ग दिवसभर सारखे राहत नाहीत हे धरून चाला, पण अंदाज चांगला येतो.

पंपाच्या पाटीवर यूएस असं काही नसेल आणि पंप इथला किंवा विलायती बनावटीचा असेल तर गॅलन ब्रिटिशच समजा. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा झाला १९५६ ला, लागू व्हायला लागला ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने, त्याआधी इथे गॅलन चालायचा तो ब्रिटिशच, पेट्रोललासुद्धा. तर ५००० गुणिले ४.५४६, ताशी २२,७३० लिटर, सेकंदाला सव्वासहा लिटरच्या थोडं वर. एक क्युसेक काढायला असे साडेचार पंप लागतील. अर्थात हा पाटीवरचा आकडा, इतक्या जुन्या पंपाचं आज प्रत्यक्ष पाणी किती पडतं ते २०० लिटरच्या पिंपाखाली घड्याळ लावून मोजा. पाटीप्रमाणे देत असेल तर पिंप ३२ सेकंदात भरायला पाहिजे.

प्रश्न : बातम्यांत कच्चं तेल बॅरलमध्ये असतं. एक बॅरल म्हणजे किती लिटर?

उत्तर : १५९ लिटर. ४२ अमेरिकन गॅलन, ब्रिटिश गॅलन केले तर ३५ ला जरासं कमी. बीअरचा ब्रिटिश बॅरल वेगळा, तो ३६ ब्रिटिश गॅलनचा म्हणजे १६४ लिटरचा असतो.

प्रश्न : वडील एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. त्यांच्या वहीत खोकल्याच्या मिक्श्चरची कृती सापडलीय, औंस, ड्राम आणि मिनिममध्ये. मिलीमध्ये करून घरी बनवता येईल का?

उत्तर : मिलीमध्ये करून देते, बनवू मात्र नका. जुन्या खोकल्याच्या मिक्श्चरमध्ये अफूचा अर्क किंवा क्लोरोफॉर्म असायचा, तो घरात मोजून घालायची गोष्ट नाही. आता माप बघू. एक फ्लुइड औंस २८.४ मिली, त्याचे आठ ड्राम, एक ड्राम ३.५५ मिली, ड्रामचे ६० मिनिम, एक मिनिम ०.०६ मिलीला किंचित कमी. वहीत इंग्रजी तीनच्या आकड्यासारखी खूण असेल तो ड्राम, त्याच्याच डोक्यावर आणखी एक रेघ मारलेली असेल तर औंस. याच खुणा पावडरच्या वजनालाही वापरायचे, आणि तिथे ड्राम ३.८९ ग्रॅमचा असतो, म्हणून पातळ वस्तूपुढे असेल तर मिली आणि कोरड्यापुढे असेल तर ग्रॅम समजायचं.

दुसरी जपायची गोष्ट म्हणजे चमचा. तेव्हा औषधाचा एक टीस्पून म्हणजे एक ड्राम धरायचे, साडेतीन मिली. आजचा टीस्पून ५ मिलीचा आहे. म्हणजे वहीत ‘एक चमचा’ लिहिलेला डोस आजच्या चमच्याने दिला तर औषध ४० टक्के जास्त जातं, आणि लहान मुलाला तर हे अजिबात चालणार नाही. तेव्हाच्या बाटलीला बाहेरून कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचे ती तुम्ही घरी बघितली असेल, आठ औंसाच्या म्हणजे २२७ मिलीच्या बाटलीवर आठ खुणा असतील तर एक डोस एका औंसाचा, २८ मिली. असा हिशोब त्या पट्टीवरूनच करायचा, चमचा मधे आणायचा नाही.