कोंबडा नसताना अंडं आलं कुठून?

प्रश्न : बाई, आमच्या दारात तीन कोंबड्या आहेत, कोंबडा नाही. तरी त्या अंडी देतात. यंदा एक खुडूक झाली म्हणून आईने तिच्याखाली सात अंडी ठेवली. महिना झाला तरी पिल्लू नाही, सगळी नासली. असं का झालं? आणि बाईमाणसाच्या शरीरातही अंडं असतं म्हणे, ते कुठे असतं? आमच्या वर्गात तो धडा 'घरी वाचून या' म्हणून सोडून दिला.
– एक विद्यार्थिनी, इयत्ता दहावी

उत्तर : सात अंडी वाया गेल्याचं वाईट वाटलं. पण कोंबडीचा दोष नाही, तिनं बिचारीनं ऊब मनापासून दिली असणार. अंडं तयार करायला तिला कोंबडा लागत नाही. पिल्लू होण्यासाठी मात्र लागतो.

अंड्यातला पिवळा बलक म्हणजे खरी अंडपेशी. ती अंडाशयातून सुटली की पहिल्या पंधराएक मिनिटांतच, अंडनलिकेच्या तोंडाशी, कोंबड्याची शुक्रपेशी तिला भेटावी लागते. पुढे तिच्याभोवती पांढरं चढायला लागलं की वाट बंद. त्यानंतर पापुद्रा आणि शेवटी कवच. एकट्या कवचालाच वीसएक तास लागतात. शुक्रपेशी भेटो न भेटो, हे सगळं काम चालूच राहतं. म्हणून तुमच्या घरी अंडी येतात, पण फळलेली नसतात.

'फळलेली' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आमच्या घरी चार म्हशी होत्या. म्हैस माजावर आली, रेड्याकडे नेली, फळली, गाभण राहिली, हे माझी आजी पाहुण्यांसमोर चहा ओतता ओतता बोलायची. तीच आजी माणसाचा विषय निघाला की आम्हा मुलींना पाणी आणायला पिटाळायची! तुमच्या गावातही डॉक्टर गाईला 'इंजेक्शन' द्यायला येत असतील. ते औषध नसतं. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेली वळूच्या रेताची कांडी असते. ती कोमट पाण्यात वितळवून रेत गाईच्या गर्भाशयात सोडतात. पुस्तकात याला कृत्रिम रेतन म्हणतात, गोठ्यात 'गाय भरवली' म्हणतात.

आता माणसाचं. स्त्रीच्या ओटीपोटात दोन बाजूंना दोन अंडाशय असतात. साधारण महिन्यातून एकदा, दोन्हींपैकी एकातून एक अंडपेशी सुटते. तिची रुंदी मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे खसखशीच्या दाण्याहून कितीतरी लहान. कोंबडीचा बलक एवढा मोठा आणि ही एवढीशी, असं का? पिल्लाला २१ दिवसांची सगळी शिदोरी आधीच बांधून द्यावी लागते, कवच बंद झाल्यावर आईकडून काही मिळत नाही. माणसाच्या बाळाला मात्र आई वारेतून आणि नाळेतून रोज अन्न व ऑक्सिजन पुरवते. दोघांचं रक्त वारेत जवळजवळून वाहतं, पण एकमेकांत मिसळत नाही. म्हैस व्यायल्यावर वार पडायची घरातले वाट बघतात ना, तीच ही वार. बाळंतपणातही बाळामागून ती बाहेर येते.

स्त्री-पुरुषाच्या शरीरसंबंधात शुक्रपेशी योनिमार्गात येतात. निघतात कोट्यवधी, अंडनलिकेत अंडपेशीच्या आसपास पोचतात जेमतेम काहीशे. त्यातली एक आत शिरली की फलन झालं. त्या एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होत होत आठवडाभरात तो गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. फलन झालं नाही तर अंडपेशी सुमारे एका दिवसात मरते आणि दोनेक आठवड्यांनी ते अस्तर रक्तासह बाहेर पडतं. तीच पाळी. पाळी म्हणजे 'अंडं फुटणं' नव्हे. दरवर्षी निम्मा वर्ग उत्तरपत्रिकेत हेच लिहायचा आणि मी तांबड्या पेनाने खोडत बसायचे.

आणखी एक, जे तू विचारलं नाहीस. माणसात मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्रपेशीवर ठरतं, तिच्यात एक्स गुणसूत्र आहे की वाय यावर. मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासवा मी पुष्कळ पाहिल्या. कोंबड्यांत मात्र गंमत उलटी आहे, तिथे नर की मादी हे आईच्या अंडपेशीवर ठरतं. बोल लावायचाच तर तिथे लावा.

आता तुझ्या आईसाठी. पुढची कोंबडी खुडूक व्हायची वाट न बघता कोणाचा तरी कोंबडा काही दिवस मागून आणा. तो परत गेला तरी आठ-दहा दिवस फळलेली अंडी मिळू शकतात, कारण कोंबडी शुक्रपेशी शरीरात साठवून ठेवते. अंडी खाली ठेवल्यापासून सातव्या रात्री, अंधारात, एकेक अंडं मोबाइलच्या बॅटरीवर धर. आत लाल शिरांचं कोळ्यासारखं जाळं दिसलं तर ते राहू दे. आरपार स्वच्छ दिसलं तर ते फळलेलं नाही, काढून टाक. ठेवल्याची तारीख कॅलेंडरवर लिही, आणि किती पिल्लं निघाली ते मला कळव.