संकलनाच्या टेबलावर टोकणारं कुणी हवं

प्रश्न : पहिल्याच लघुपटाला बक्षिसं मिळाली. दुसऱ्याचं संकलन चालू आहे, पण टीममधलं कुणी चूकच दाखवत नाही. काय करावं?

उत्तर : ‘द डिअर हंटर’ला १९७९ साली पाच ऑस्कर मिळाली आणि दिग्दर्शक मायकल चिमिनोला अडवणारं कुणी उरलं नाही. त्याच्या पुढच्या ‘हेवन्स गेट’ या चित्रपटाचा खर्च सुमारे सव्वा कोटी डॉलरवरून चार कोटींच्या पुढे गेला. स्टुडिओला दाखवलेला पहिला कट (संकलित आवृत्ती) पाच तासांहून मोठा होता. १९८० मध्ये साडेतीन तासांची आवृत्ती आठवड्याभरात मागे घ्यावी लागली.

हे टाळायला तुम्ही रफ कट, म्हणजे संकलनाची कच्ची आवृत्ती, आठ-दहा अनोळखी लोकांना दाखवा. कलाकार आणि नातेवाईक नकोत. आधी काही समजावू नका. ‘आवडला का?’ विचारलंत तर सगळे होच म्हणतील. गोष्ट सांगायला लावा, कंटाळा कुठे आला ते विचारा, त्या जागेचा टाइमकोड (कितवं मिनिट-सेकंद) टिपा. तिघांनी एकच जागा दाखवली, तर दोष बहुधा त्याआधीच्या दोन-तीन मिनिटांत असतो. त्यांनी सुचवलेले उपाय मात्र खुशाल सोडून द्या.