चापडा हिरवाच असतो का?

प्रश्न : कोयनेकडं मामांच्या परसात झुडपावर तपकिरी साप दिसला, दुसऱ्या दिवशीही तिथंच! मामा म्हणतात चापडा. पण तो हिरवा ना? (एक वाचक, कराड)

उत्तर : मामा बरोबर असणार. सह्याद्रीतला मलबारी चापडा हिरवा, पिवळा, तपकिरी कसल्याही रंगात सापडतो, त्यामुळं रंगावर जाऊ नका, तिकोनी डोकं बघा, तेही लांबूनच हां. डोळा आणि नाकपुडीच्या मधे एक खड्डा असतो, त्यानं त्याला अंधारातपण उंदराच्या अंगाची ऊब कळते, म्हणून शेपटीनं फांदी धरून तो एकाच जागी तासन्‌तास टपून बसतो. अंडी नाही, थेट पिल्लंच. विषारी आहे, चावला तर सूज आणि वेदना भयंकर, माणूस दगावणं क्वचितच, पण दवाखाना गाठायचाच.