एकाच लॅपटॉपवर तीन डेस्कटॉप: विंडोज ११ मध्ये नीट कसे लावायचे?

तुमचा प्रश्न असा आहे: लॅपटॉप एकच, त्यावर ऑफिसच्या एक्सेल फायली, सोसायटीचे हिशेब आणि मुलीचा ऑनलाइन क्लास एकाच वेळी उघडे असतात. हवी ती विंडो सापडत नाही. प्रत्येक कामाच्या विंडो वेगळ्या राहतील असे वेगवेगळे डेस्कटॉप (म्हणजे एकाच स्क्रीनवर आलटूनपालटून दिसणारे पडदे) करता येतील का?

येतील, आणि काही डाउनलोड करायची गरज नाही. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हापासून ही सोय त्यातच आहे. मी विंडोज ११ धरून सांगतो.

विंडोज + टॅब दाबा. उघड्या विंडो छोट्या होऊन समोर मांडल्या जातील आणि खाली डेस्कटॉपची पट्टी दिसेल (विंडोज १० मध्ये ती वर असते). तिथल्या 'न्यू डेस्कटॉप'वर क्लिक केलं की दुसरा तयार. कीबोर्डवरून करायचं तर कंट्रोल + विंडोज + डी. नावावर क्लिक करून 'ऑफिस', 'सोसायटी', 'क्लास' अशी मराठीत नावं द्या. आता एखादी विंडो ओढून हव्या त्या डेस्कटॉपच्या चित्रावर सोडा, ती तिकडे जाईल. ओढणं जमत नसेल तर विंडोवर राइट क्लिक करून 'मूव्ह टू' निवडा.

एका डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर जायला कंट्रोल + विंडोज + डावा किंवा उजवा बाण. टचपॅडवर चार बोटं आडवी सरकवली तरी चालतं. शेवटच्या डेस्कटॉपवरून पुढे गेलं तर पहिला येत नाही, तिथेच थांबावं लागतं. म्हणून तीन डेस्कटॉप असतील तर सगळ्यात जास्त लागणारा मधोमध ठेवा. मग बाकीचे दोन्ही एकेका बाणावर येतात. क्रम बदलायला पट्टीतली चित्रं ओढून मागेपुढे करता येतात. चारपेक्षा जास्त डेस्कटॉप करू नका असं मी आग्रहाने सांगेन. त्यापुढे कुठे काय ठेवलंय हेच लक्षात राहत नाही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे कंट्रोलवरचं बोट निसटणं. नुसतं विंडोज + डी दाबलं गेलं की सगळ्या विंडो एकदम खाली जातात आणि काम गेलं असं वाटून धस्स होतं. काही गेलेलं नसतं. तेच पुन्हा दाबा, सगळं परत येतं. तसंच नुसतं विंडोज + बाण दाबलं तर डेस्कटॉप बदलत नाही, समोरची विंडो अर्ध्या स्क्रीनवर चिकटते.

आता सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंग, डेस्कटॉप्स इथे जा. दोन पर्याय आहेत: टास्कबारवर (स्क्रीनच्या तळाशी ॲप्सची चिन्हं असतात तिथे) आणि ऑल्ट + टॅबमध्ये (ही बटणं दाबून एका विंडोवरून दुसरीवर जाताना) कुठल्या विंडो दिसाव्यात. दोन्हीकडे 'ओन्ली ऑन द डेस्कटॉप आय ॲम यूझिंग' असू द्या. घरात कुणी ते 'ऑन ऑल डेस्कटॉप्स' करून ठेवलं असेल, तर वेगळे डेस्कटॉप करूनही टास्कबारवर तीच गर्दी दिसत राहील.

व्हॉट्सॲप किंवा कॅल्क्युलेटर सगळीकडे हवा असेल तर विंडोज + टॅबमध्ये त्याच्या विंडोवर राइट क्लिक करून 'शो धिस विंडो ऑन ऑल डेस्कटॉप्स' निवडा. नाहीतर एकच विंडो उघडणारं ॲप टास्कबारवरून दाबलं की ते जिथे आधी उघडलेलं असेल त्या डेस्कटॉपवर तुम्हालाच घेऊन जातं.

प्रत्येक डेस्कटॉपला वेगळा वॉलपेपर जरूर लावा, म्हणजे आपण कुठे आहोत ते न वाचता कळतं. पट्टीतल्या चित्रावर राइट क्लिक, मग 'चूज बॅकग्राउंड'. तिथे 'पिक्चर'च निवडा. एकच रंग किंवा स्लाइडशो निवडला तर तो सगळ्या डेस्कटॉपना लागतो. विंडोज १० मध्ये ही वेगळ्या वॉलपेपरची सोय नाही.

नको असलेला डेस्कटॉप कंट्रोल + विंडोज + एफ४ ने बंद होतो. त्यातल्या विंडो बंद होत नाहीत, शेजारच्या डेस्कटॉपवर जातात. काही लॅपटॉपवर सोबत एफएन हे बटणही दाबावं लागतं. रीस्टार्टनंतर डेस्कटॉप आणि त्यांची नावं टिकतात, पण बंद झालेले प्रोग्रॅम आपोआप आपापल्या जागी उघडतील असं धरू नका. सकाळी आधी त्या डेस्कटॉपवर जा आणि मग प्रोग्रॅम उघडा, म्हणजे हलवाहलवी वाचते.

क्लासमध्ये किंवा मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना जपा. अख्खी स्क्रीन शेअर केली असेल आणि तुम्ही डेस्कटॉप बदललात, तर समोरच्यांना तो दुसरा डेस्कटॉपही दिसतो. तेवढी एकच विंडो शेअर करा.

आणि मुलीच्या हातून ऑफिसची फाइल उघडू नये हा हेतू असेल, तर डेस्कटॉप वेगळे करून भागणार नाही. आयकॉन, फायली आणि पासवर्ड सगळ्या डेस्कटॉपना सामाईक असतात. एकावरचा आयकॉन डिलीट केला की सगळीकडून जातो. त्यासाठी सेटिंग्जमधल्या 'अकाउंट्स'मध्ये जाऊन तिचं वेगळं यूझर अकाउंट उघडा, त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊ नका, आणि उठताना विंडोज + एल दाबून तुमचं अकाउंट लॉक करत जा.