चार ठिपक्यांचा चाकू

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे फोटो मिळाले. त्यांच्याआधी तुझा उतावीळ निरोप वाचला: "काका, पंधरा डॉलरला घेतला, नेटवर सहाशेला दिसतोय!" सविस्तर लिहितोच, पण आधी एक सांगून ठेवतो. तो चाकू पुसू नकोस. धार लावू नकोस. ज्या आजींकडून तू तो घेतलास, त्यांच्या ड्रॉवरमधून जसा निघाला तसाच सुती फडक्यात गुंडाळून ठेव.

एवढ्या घाईने का सांगतोय ते ऐक. १९८४ सालची गोष्ट. मला अमेरिकेत येऊन तीन वर्षं झाली होती. पिट्सबर्गच्या बाहेर रविवारच्या जुन्या बाजारात आठ डॉलरला एक घडीचा चाकू घेतला. पात्यावर काहीतरी चित्र होतं, पण काळपट झालेलं. घरी आलो आणि आपली आजी देवाची भांडी घासायची तसा चिंच आणि रांगोळी घेऊन बसलो. तासाभरात पातं आरशासारखं झालं. पुढच्या महिन्यात चाकूंच्या एका प्रदर्शनात एका म्हाताऱ्या संग्राहकाला मोठ्या तोऱ्यात दाखवला. त्याने तो उघडला, उजेडात धरला, हळूच मिटला आणि माझ्या हातात देत म्हणाला, "चांगला चाकू होता." 'आहे' नाही, 'होता'. घरी येईपर्यंत मला त्या एका शब्दाचा अर्थ कळला नव्हता.

पात्यावरचं ते चित्र आम्लाने कोरलेलं असतं, आणि ते कोरीव काम फार उथळ असतं. कुणी पातं घासलं की सगळ्यात आधी तेच जातं. म्हणून जुन्या चाकूवर मूळ चित्र ठसठशीत दिसत असेल, तर या पात्याला कुणी हात लावलेला नाही याची ती साक्ष असते. माझ्याकडची ती साक्ष मी स्वतः चिंचेने धुऊन काढली. तुझ्या चाकूवर सोनेरी अक्षरांत '१७७६–१९७६' लिहिलंय आणि अक्षरांच्या कडा अजून तीक्ष्ण दिसतात. ही बातमी चांगली आहे, पण किंमत त्यावरून ठरत नाही.

किंमत ठरवायची सुरुवात पात्याच्या बुडाशी होते. पातं मुठीत जिथे शिरतं, तिथल्या सपाट जागेवर बनवणाऱ्याचा ठसा असतो. स्मारकाची, म्हणजे एखाद्या सोहळ्याच्या आठवणीची, सजावट जगाला दाखवायला असते. हा ठसा कारखान्याने स्वतःच्या हिशेबासाठी मारलेला असतो, म्हणून माझा भरवसा त्याच्यावर जास्त. तुझ्या फोटोत 'केस' दिसतंय, दोन 'एक्स' दिसतात, 'यूएसए' दिसतं आणि चार ठिपके दिसतात. केस म्हणजे ब्रॅडफर्डचा चाकूंचा कारखाना. पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर टोकाचं ते गाव माझ्या घरापासून तीनेक तासांवर आहे. १८८९ पासूनची ही कंपनी १९९३ साली त्याच गावातल्या झिपोने घेतली. झिपो म्हणजे तुझे बाबा हॉस्टेलवर लपवून ठेवायचे तो लायटर. त्याच्याही बुडावर सालाची खूण असते, घरी कुठे पडला असेल तर बघ.

आता ठिपके. १९४० ते १९६४ पर्यंत केसच्या ठशात 'यूएसए' नव्हतं. १९६५ पासून ते आलं. १९७० मध्ये त्यांनी ठशाबरोबर दहा ठिपके मारले आणि पुढे दरवर्षी एक ठिपका कमी करत गेले. १९७१ ला नऊ, १९७२ ला आठ, असं करत १९७९ ला एकच उरला. म्हणजे १९८० मधून ठिपके वजा केले की साल मिळतं. तुझे चार, म्हणून १९७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचं वर्ष, पात्यावर तेच कोरलेलं. सगळं जुळतंय ना? थांब. १९८० मध्ये त्यांनी पुन्हा दहापासून सुरुवात केली आणि तसेच एकेक कमी करत गेले. त्या दशकाच्या चाकूंवरही चार ठिपके आहेत, पण ते साल १९८६. दोन्हींत फरक 'केस' मधल्या 'एस' अक्षराचा. सत्तरच्या दशकात तो साधा गोलसर आहे, ऐंशीच्या दशकात विजेच्या रेघेसारखा टोकदार. तुझ्या फोटोत नेमक्या त्याच अक्षरावर दिव्याची चमक आली आहे.

याने फरक काय पडतो? १९८६ च्या चाकूवर १९७६ चा सोहळा कोरलेला असेल, तर ते कोरीव काम मागाहून कुणीतरी केलेलं आहे. साधा चाकू घ्यायचा, त्यावर काहीतरी भव्य कोरायचं, डबीत घालायचं आणि 'स्मारक' म्हणून विकायचं, हा जुना धंदा आहे. दरवेळी त्यात फसवणूकच असते असं नाही. एखादं गाव, अग्निशमन दल, चाकूंचा क्लब हेही चाकू विकत घेऊन आपलं नाव कोरून घेतात. फक्त कारखान्याने काढलेली आवृत्ती कोणती आणि बाहेर कोरून घेतलेली कोणती, एवढं आपल्याला माहीत हवं.

त्याच पात्याच्या दुसऱ्या बाजूला आकडा आहे, ६२५४. केसच्या जुन्या पद्धतीत पहिला आकडा मुठीचा, दुसरा पात्यांच्या संख्येचा आणि उरलेले आकडे घडणीचे. सहा म्हणजे कोरलेलं हाड, दोन म्हणजे दोन पाती, चोपन्न म्हणजे ट्रॅपर नावाची घडण. मिटल्यावर चार इंचांहून जरा जास्त लांबी, दोन्ही पाती सारखीच लांब. त्यातलं एक टोकदार आणि दुसरं बोथट नाकाचं. बोथट पातं मुळात जनावरं खच्ची करण्यासाठी होतं. टोक नको, कारण भलतीकडे भोसकायला नको. तू कराडकडची शेतकऱ्याची नात, तुला हे वेगळं समजवायला नको.

सहाच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. त्या काळात सहाने आकडा सुरू होणाऱ्या काही चाकूंना हाडाऐवजी डेल्रिन नावाच्या प्लास्टिकची मूठ आहे. हाडावर भिंग धरलं की रक्तवाहिन्यांची बारीक काळी टिंबं दिसतात. डेल्रिन एकसारखं गुळगुळीत. सुई तापवून टोचायचा सल्ला कुणी दिला तर मान डोलाव आणि टोचू नकोस.

आकड्याची सुरुवात पाचने झाली असती तर मूठ शिंगाची. इथे थोडं विषयांतर करतो, कारण हे कळलं तेव्हा मीच चकित झालो होतो. अमेरिकन चाकूंच्या मुठीचं उत्तम शिंग कितीतरी वर्षं आपल्याकडच्या सांबराचं होतं. झडून पडलेली शिंगं गोळा करून इकडे यायची. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली आणि जुन्या शिंगाच्या मुठीचा मान वाढला. हाडावर खाचा पाडतात त्याही मुळात शिंगाची नक्कल म्हणून. ब्रॅडफर्डच्या संग्रहालयात काचेमागे त्या मुठी पाहताना मला कोयनेचं जंगल आठवलं होतं.

आता तुला न आवडणारं लिहितो. स्मारक म्हणून बनवलेली वस्तू सहसा दुर्मिळ होत नाही. १९७६ मध्ये या देशात प्रत्येकाने द्विशताब्दीचं काही ना काही काढलं: ताटल्या, घंटा, बंदुका, चाकू. सरकारने पाव डॉलरच्या नाण्यामागे ढोलवाला छापला आणि ती नाणी दीड अब्जाहून जास्त पाडली. तुझ्या लाँड्रीच्या चिल्लरमध्ये एखादं सापडेल, आजही ते पंचवीस सेंटचंच. आपल्याकडे १९९९ सालचं शिवछत्रपतींचं दोन रुपयांचं नाणं किती घरांत देव्हाऱ्याच्या डबीत जपून ठेवलेलं आहे! ज्याने त्याने जपलं, म्हणून ते कमी झालंच नाही. कमी होतं ते वापरलेलं, हरवलेलं, झिजवून फेकलेलं.

रेमिंग्टनचा बुलेट चाकू घे. बंदुका बनवणाऱ्या या कंपनीने १९२० च्या सुमारास चाकू सुरू केले आणि १९४० मध्ये तो धंदा विकून टाकला. मुठीत काडतुसाच्या आकाराचा बिल्ला असलेले त्यांचे मोठे चाकू शिकाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी मनसोक्त वापरले, मोडले, नदीत पाडले. जे कोरे राहिले त्यांना आज चार आकडी डॉलर मिळतात. १९८२ मध्ये रेमिंग्टनने कॅमिलस या दुसऱ्या चाकू कंपनीच्या कारखान्यातून तेच चाकू पुन्हा बनवून घ्यायला सुरुवात केली, दरवर्षी एक, खास संग्राहकांसाठी. लोकांनी ते डबीसकट कपाटात ठेवले. आजही ते डबीसकटच विकायला येतात, आणि जुन्याच्या मानाने फारच कमी भावात. घडण तीच, बिल्ला तोच.

म्हणून तुझ्या चाकूकडे मी आधी साधा ट्रॅपर म्हणून बघतो. वरची सोनेरी अक्षरं क्षणभर विसरायची आणि १९७६ चा हाडाच्या मुठीचा, याच अवस्थेतला ट्रॅपर काय भावाने जातो ते बघायचं. तो झाला पाया. स्मारकाचे पैसे त्यावर चढले तर चढले. कधीकधी ते उलटे उतरतात, कारण नुसत्या कारखान्याच्या ठशाच्या मागे लागलेल्या संग्राहकाला परक्या गावाचं नाव पात्यावर नको असतं.

भाव कुठे बघायचा? तू पाहिलेले सहाशे म्हणजे कुणाची तरी इच्छा. इच्छेला कर लागत नाही. ईबेवर 'विकल्या गेलेल्या वस्तू' हा पर्याय निवड. तोच आकडा, तेच ठिपके, तीच मूठ, जवळपास तीच अवस्था, असे आठ-दहा व्यवहार शोध. सगळ्यात वरचा सोडून दे, त्या दिवशी दोन हट्टी माणसं समोरासमोर आलेली असतात. सगळ्यात खालचाही सोड. मधले जे उरतील त्यांतून टपाल आणि दलाली वजा केली की तुझ्या हातात पडेल तो आकडा. 'एस' गोल निघाला आणि पात्यांना खरंच कधी धार लावलेली नसेल, तर माझा अंदाज शंभर-दीडशे डॉलरचा. पंधराला घेतलेल्या वस्तूचे एवढे झाले तर नाक मुरडू नकोस.

अवस्था तपासताना स्वतःशी कठोर राहा. संग्राहकांच्या भाषेत 'मिंट' म्हणजे कारखान्यातून निघाला तसा. खिशात वागवलेला नाही, सहाण पाहिलेला नाही. धारेजवळ तिरप्या बारीक रेघा दिसल्या की तो मिंट नाही, मग विकणारा काहीही म्हणो. पातं उघडून अगदी हलकं डावीकडे-उजवीकडे दाब, खेळतं का बघ. उघडताना आणि मिटताना स्वच्छ 'टक' आवाज यायला हवा. पितळी खिळ्यांभोवती मुठीला केसाएवढी चीर असते, ती भिंगाशिवाय दिसत नाही. दोन पात्यांपैकी एक जास्त चकचकीत असेल तर ते बदललेलं असू शकतं.

डबीवर '३१७' लिहिलंय म्हणालीस. चाकूवरही तोच क्रमांक असला तर उत्तम. पण तीनशे सतरामध्ये जादू काही नाही. एक ते दहाच्या आतल्या क्रमांकांना थोडे जास्त मिळतात, बाकीच्यांसाठी तो नुसता आकडा.

दुकानदाराला दाखवणार असशील तर "किती देशील?" आणि "किंमत काय?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे लक्षात ठेव. ज्याला चाकू विकत घ्यायचाय त्याला किंमत विचारायची नाही. तो निम्म्याच्या आसपास देईल आणि त्यात लबाडी नाही, त्यालाही दुकानाचं भाडं भरायचं असतं.

चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस. कमावलेल्या चामड्यातलं आम्ल पोलाद खातं आणि पितळेवर हिरवं चढवतं. आणि दिवाळीला घरी जाताना विमानात हातातल्या पिशवीत नेऊ नकोस, तपासणीवाला तुझ्याकडून एक पैसाही न देता घेईल.

त्या आजींचा नवरा गावच्या परेडमध्ये ड्रम वाजवायचा आणि हा चाकू त्याला त्या वर्षी मिळाला, असं तू ओझरतं लिहिलंयस. नाव, वर्ष, त्या काय म्हणाल्या, सगळं आजच वहीत उतरव. शक्य असेल तर त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घे. घेणारा त्या कागदाचे दहा डॉलर देईल किंवा देणार नाही, तरी घे.

आता एक काम कर. दिवसा, खिडकीजवळ, दिवा बंद करून ठशाचा फोटो काढ. भिंग नसेल तर मोबाईलचं झूम वापर, पण बोट पात्याला लावू नकोस, घामाचे डाग पडतात. मला फक्त तो 'एस' बघायचाय. विजेसारखा निघाला तर रविवारी फोन करतो, कारण मग वरचं अर्धं पत्र मला नव्याने लिहावं लागेल.

तुझा,
काका