गोट्या मेला नव्हता, झोपला होता!

प्रश्न : ताई, आम्ही कोलंबसला (ओहायो) राहतो, दोन महिन्यांपूर्वी पेट शॉपमधून फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लांबुळका पाळीव प्राणी) आणला, नाव गोट्या, आता साधारण चार-साडेचार महिन्यांचा असेल. घरात आधी कधी मांजरसुद्धा नव्हतं. काल दुपारी तो त्याच्या झोळीत झोपला होता, हाका मारल्या, हलवला, उचलला तर मान लटकली, अंग गार, मी रडायलाच लागले, नवऱ्याला चालू मीटिंगमधून उठवलं आणि तेवढ्यात साहेबांनी जांभई दिली. तेव्हापासून मला सगळ्याचीच भीती वाटते. शिंकतो. शी एकदा हिरवट झाली. कानात लालसर मळ आहे, शेपटीचे केस कमी झालेत. गुगल केलं तर जिथे तिथे ट्यूमर! नक्की कशाला घाबरायचं?

उत्तर : अगं, तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग वाईट वाटलं, कारण प्राण्यांच्या क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून कामाला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात एक बाई टॉवेलमध्ये गुंडाळलेला 'मेलेला' फेरेट घेऊन आल्या होत्या आणि तो टेबलावर उठून बसला होता. फेरेट दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपतो आणि त्यातली काही झोप इतकी गाढ असते की अंग लुळं पडतं, थोडं गारही लागतं. पुढच्या वेळी छातीकडे बघ, श्वास चालू असतो. मग अंगावरून हात फिरव, नाकाशी थोडं सॅमन माशाचं तेल धर, दोन-तीन मिनिटांत जीभ बाहेर येते. पण जागा झाल्यावरही झोकांड्या जात असतील, लाळ गळत असेल, एकटक कुठेतरी बघत बसला असेल, तर मात्र ती झोप नाही. त्याच्याकडे नंतर येते.

आता तुझी यादी. कानातला लालसर-तपकिरी मळ फेरेटला असतोच. काळा, कॉफीच्या चोथ्यासारखा असेल आणि तो सारखा कान खाजवत असेल तर किडे (इअर माइट्स) असू शकतात, व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरला) दाखव. शेपटीचे केस विरळ होणं, तिच्यावर काळे ठिपके दिसणं हे या वयात काळजीचं नाही, केस बदलतात, परत येतात. अधूनमधून शिंका येणारच, सगळे घाणेरडे कोपरे हुंगत फिरणारा प्राणी आहे तो. शी एकदा हिरवी झाली आणि तो नाचतोय, खातोय, तर दिवसभर नुसतं लक्ष ठेव. खाणं बदललंस का? नवा फेरेट घरात आला का? पातळ हिरवी शी दुसऱ्या दिवशीही चालू राहिली किंवा खाणं सुटलं तर थांबू नकोस.

आणि ज्याबद्दल तू विचारलंच नाहीस तेच मला सांगायचंय. एक वर्षाच्या आतला फेरेट ट्यूमरने क्वचित मरतो गं, तो रबराने मरतो. रिमोटची बटणं, इअरप्लग, चपलेचा तुकडा, सोफ्यातला फोम, खोडरबर, फोनच्या कव्हरचा कोपरा, हे त्यांना चावायला इतकं आवडतं की आज रात्रीच जमिनीवर पालथं झोपून सगळं घर त्याच्या उंचीवरून बघ. गिळलेला तुकडा आतड्यात अडकतो. कुत्र्यासारखा धाड धाड उलट्या करेलच असं नाही, तो नुसता गप्प बसतो, दात खातो, पंजाने तोंड पुसत राहतो, शी कमी किंवा बारीक होते, खात नाही. असं दिसलं की 'उद्या सकाळी बघू' नाही. त्यांची आतडी आखूड असतात, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर येतं, त्यामुळे अख्खा दिवस उपास ही त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. ऑपरेशनचा खर्च हजारो डॉलर्समध्ये जातो, म्हणून दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाक आणि फेरेट बघणारा एक्झॉटिक व्हेट आत्ताच शोधून ठेव, कारण मांजरीचा डॉक्टर जवळ असला तरी त्याला फेरेटचा अनुभव असेलच असं नाही.

ट्यूमरचं गुगल खोटं नाहीये, फक्त तुला ते लवकर दिसलं. अमेरिकेत पेट शॉपचे बहुतेक फेरेट अगदी लहानपणीच न्यूटर करून (प्रजननाचे अवयव काढून) येतात आणि त्याचा संबंध पुढच्या ॲड्रिनल (मूत्रपिंडाजवळच्या) ग्रंथीच्या आजाराशी लावतात. शेपटीकडून सुरू होऊन पाठीकडे केस जातात, खाज येते, आणि नराला लघवीला त्रास होतो. लघवी अडली तर त्याच दिवशी इमर्जन्सी. यासाठी डेसलोरेलिन नावाचं कातडीखाली बसवायचं इम्प्लांट मिळतं. दुसरा इन्सुलिनोमा, म्हणजे स्वादुपिंडातली गाठ जास्तीचं इन्सुलिन सोडते आणि साखर खाली जाते. हा साधारण तीन-चार वर्षांनंतर दिसतो. मघाशी म्हणाले ना, लाळ, एकटक बघणं, मागचे पाय ओढत चालणं, ते यातलंच. असं झालं तर हिरड्यांवर मधाचं बोट फिरवायचं (तो बेशुद्ध असेल तर घशात काही ओतायचं नाही, नुसतं हिरड्यांवर), शुद्धीवर आला की मांसाचं काहीतरी खायला द्यायचं आणि थेट व्हेट. नुसता मध देऊन 'बरा झाला' म्हणत बसलीस तर साखर परत कोसळेल.

लसी दोन, डिस्टेंपर (कुत्र्यांनाही होणारा विषाणूचा आजार) आणि रेबीज. डिस्टेंपर झालेला फेरेट जवळपास वाचतच नाही, म्हणून ती टाळू नकोस. लसीनंतर अर्धा तास क्लिनिकमध्येच थांब, काहींना रिअ‍ॅक्शन येते, आणि दोन्ही एकाच दिवशी देऊ नका असं सांगून बघ. आणि किचनचा वजनकाटा आण, दर रविवारी वजन लिहून ठेव. हिवाळ्यात ते वाढतं, उन्हाळ्यात उतरतं, पण तुझ्याकडे वही असली की काय नेहमीचं आणि काय नाही ते दिसतं, माझ्यासारखीला विचारायची वेळही कमी येते.

प्रश्न : आम्ही लीड्सला (इंग्लंड) आहोत. आमची फेरेट मादी अकरा महिन्यांची आहे, अंडाशय काढायचं ऑपरेशन केलेलं नाही. तीन आठवडे झाले, तिची मागची जागा खूप सुजलीये. ओळखीचे म्हणतात हीटवर (माजावर) आहे, आपोआप उतरेल.

उत्तर : नाही उतरणार, आणि इथे वाट बघू नका. फेरेटच्या मादीचं हीट नराशी संबंध आल्याशिवाय सहसा थांबत नाही, महिनोन्‌महिने चालू राहतं आणि तेवढा वेळ इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन रक्तात राहिलं की अस्थिमज्जा रक्त बनवणं थांबवते. हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील तर आजच. नसतील तरी या आठवड्यात व्हेटकडे जा आणि हार्मोनचं इंजेक्शन (तिकडे त्याला जिल जॅब म्हणतात), इम्प्लांट की नसबंदी केलेला नर, यातलं तुमच्या मादीला काय योग्य ते विचारा. गंमत बघा, अमेरिकेत ऑपरेशन फार लवकर झाल्यामुळे त्रास, आणि इंग्लंडमध्ये सशांच्या शिकारीसाठी पाळायची जुनी पद्धत, त्यामुळे ऑपरेशन न झाल्याचा त्रास!

प्रश्न : मी नाशिकची, वय ६८. मुलीकडे डेट्रॉइटला सहा महिने जाणार आहे. तिने ते मुंगसासारखं काहीतरी पाळलंय. मला त्याच्यापासून काही होईल का?

उत्तर : काकू, ते मुंगूस नाही. मुंगसाचं कूळच वेगळं, आणि आपल्याकडे मुंगूस पाळणं कायद्याने बंद आहे. फेरेट हा युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याचा माणसाळवलेला भाऊ. मुलीने रेबीजची लस दिलीय का तेवढं विचारा, चावला तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

पण खरं सांगू का, त्याच्यापासून तुम्हाला जेवढा धोका त्यापेक्षा तुमच्यापासून त्याला जास्त आहे. माणसाचा फ्लू फेरेटला सरळ लागतो. १९३३ साली लंडनमध्ये शास्त्रज्ञांनी माणसातला फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला तो फेरेटवरच्या प्रयोगातून. त्यामुळे विमानातून सर्दी-ताप घेऊन उतरलात तर निदान आठवडाभर त्याला मांडीवर घेऊ नका.

आणि बेदाणे, केळ्याचा तुकडा, दुधात कुस्करलेली पोळी असं काही प्रेमाने भरवू नका. तो पक्का मांसाहारी आहे, दिवसातून आठ-दहा वेळा थोडं थोडं मांसाचंच खातो, गोड आणि पिठूळ त्याला पचत नाही. तुमच्या बीपीच्या आणि गुडघेदुखीच्या गोळ्या उशाशी ठेवू नका, बॅगेत चेन लावून ठेवा. आयबुप्रोफेनची एक गोळीसुद्धा त्याला जीवघेणी ठरू शकते. श्रवणयंत्र असेल तर रात्री डबीत. आणि हो, घरात घालायला रबरी स्लीपर नेऊ नका, कापडी न्या. नेल्याच, तर सकाळी एक तरी सोफ्याखाली सापडेल, आणि तिचा तुकडा गेलेला असेल तर मुलीला लगेच उठवा.